बेरीज ७

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. ओळख पटेल असं सगळं बदलूनच लिहितेय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्याकडे आशाताई गावातून पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्य तपासायचे, फॉर्म भरून आणतात. ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त २७. १० किंवा जास्त आले की आमच्याकडे पाठवायचं. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का, त्याला शून्य सोडून काहीही असलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोलायचं. म्हणून मी गठ्ठा हातात आला की आधी सगळ्यांचा नववा रकाना बघते, मग बेरजा परत करते, कारण वर पाठवताना ऑपरेटर खालचा आकडा तेवढा एंट्री करतो, टिका कोणी बघत नाही.

त्या दिवशी एका फॉर्मवर नाव नव्हतं. झोप ३, थकवा ३, नवव्याला १. बाकीचे धरून सगळे मिळून १७ होत होते आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं ७. तो गठ्ठा आणणाऱ्या ताईंची बेरीज कधी चुकत नाही, त्यांचं रजिस्टर मी नव्या आशांना नमुना म्हणून दाखवते.

बाकीच्या जणी चहाला गेल्यावर दार लावून विचारलं, "ताई, हा फॉर्म कोणाचा?"

"आहे गावातली एक बाई. सात आलेत ना, मग राहू द्या की मॅडम."

"टिका तिच्या खऱ्या आहेत का?"

खूप वेळ काहीच बोलल्या नाहीत, पिशवीच्या बंदाला पीळ देत बसल्या. मग म्हणाल्या, "टिका खऱ्या आहेत."

फॉर्म त्यांचाच होता. मग मी सरळ विचारलं, मरणाचा विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, घरी कोणाला माहितीय. असं विचारलं की डोक्यात नसलेलं भरतं ही भीती अजून आमच्या कितीतरी स्टाफला आहे, आणि ती साफ चुकीची आहे. माणूस मोकळा होतो. त्या तासभर बोलल्या. ठरवलेलं काही नव्हतं. त्यांना विचारूनच बहिणीला फोन लावला, ती संध्याकाळी येऊन सोबत राहिली, दुसऱ्या दिवशी सायकियाट्रिस्ट सरांनी तपासलं. आता गोळ्या चालू आहेत, झोप लागतेय, दर आठवड्याला येतात.

१४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची कार्डं याच ताईंनी घरोघर वाटलीत. मग स्वतः फोन का नाही लावला, तर म्हणाल्या, "लोक मला सांगतात मॅडम, मीच रडायला लागले तर मला कोण सांगंल?" हजारेक लोकांमागे एक आशा, बाळंतपणं, लसी, सर्व्हे, वर ॲपची एंट्री, मोबदला महिनोन्‌महिने अडकलेला, आणि आढावा बैठकीत विचारतात काय, तर किती फॉर्म झाले. कशा आहात हे विचारणारा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही याचा मला मनापासून राग येतो.

त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यात घातलाच का? लपवायचं असतं तर भरलाच नसता, आणि सांगायचं असतं तर ७ लिहिले नसते. दोन्ही एकाच कागदावर होतं. बहुतेक त्यांना दोन्ही हवं होतं.

पुढच्या ट्रेनिंगला प्रत्येक आशाने पहिला फॉर्म स्वतःचा भरावा असं मी वर सुचवलंय. पण मग वाटतं, फॉर्म शेवटी ऑफिसातच जाणार म्हटल्यावर सगळ्याच जणी बेरीज १० च्या आत बसवतील.