पोकलेन: हिरव्या नळीतला बुडबुडा सापडला

तीन आठवडे छळणारा बुडबुडा अखेर सापडला. मला नाही, सातवीतल्या एका मुलीला.

आधीचं वाचलेल्यांना आपला सिरिंजवरचा पोकलेन आठवत असेल: पोरांच्या गटांनी केलेलं छोटं खोदयंत्र, नळीने जोडलेल्या दोन-दोन सिरिंजांतल्या रंगीत पाण्यावर हलणारं. बूमला, म्हणजे बुडाच्या मोठ्या हाताला, निळं पाणी, मधल्या हाताला लाल, बकेटला हिरवं. (पोरं त्याला जेसीबीच म्हणतात. पट्ट्यांवर चालतो तो पोकलेन, हे सांगून मी दमलो.) दाबायला ५ मिलीची सिरिंज, सांध्यावर १० मिलीची. व्हर्नियरने आतला व्यास मोजला तर १२ आणि १५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून जरा जास्त. जोर तेवढा वाढतो, चाल तेवढी घटते. पास्कलचा नियम (कोंडलेल्या पाण्यातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो) फळ्यावर लिहायच्या आधी पोरांना अंगठ्याला कळला, यात मला सगळं भरून पावलं.

पण ती बकेट! सकाळी भरली की झकास चालायची. दुपारपर्यंत नळीत मसुरीएवढा बुडबुडा, आणि मग दट्ट्या दाबला की बाईसाहेब आधी विचार करणार, मग हलणार. पाणी दबत नाही, हवा दबते. दट्ट्याची सुरुवातीची चाल त्या बुडबुड्याला दाबण्यातच जायची.

काय काय केलं नाही! विरघळलेली हवा निघावी म्हणून पाणी उकळून गार केलं. सगळं बादलीत बुडवून पाण्याखालीच जोडलं. सलाईनच्या नळीचं टोक तिरकं कापलं गेलं होतं, ते नव्या ब्लेडने सरळ केलं, गरम पाण्यात धरून चढवलं, वर केबल टाय आवळला. दट्ट्या अडकतो म्हणून खोबरेल लावलं, तो तर निव्वळ गाढवपणा. आठवड्यात रबर फुगलं आणि दट्ट्या असा बसला की पकडीनेही हलेना. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत तीस वर्षं ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलणाऱ्या माणसाने हे करावं! आता ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावतात ते सिलिकॉन तेल वापरतो, एकच थेंब.

सिरिंजाही बदलल्या. ऑनलाइन मागवलेल्या किटमधल्या दहापैकी चार दट्ट्यापाशी गळत होत्या. नौपाड्यातल्या केमिस्टकडच्या साध्या, बिनसुईच्या सिरिंजांपैकी एकही नाही. किटच्या वाटेला पुन्हा जाणार नाही.

तरी बुडबुडा होताच. मग शनिवारी ती मुलगी म्हणाली, "काका, निळ्यात कधीच कसा येत नाही?"

मी म्हटलं, निळा रंग चांगल्या दुकानातला असेल. सगळे हसले, ती नाही. मग मीही चहाचा कप खाली ठेवला. सिरिंजा त्याच, नळी तीच. फरक एकच: बूम स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्यामुळे निळं पाणी कायम दाबाखाली. बकेट मागे घ्यायला मात्र दट्ट्या ओढावा लागतो. ओढला की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवा रबराच्या कडेवरून आत शिरते. पाणी बाहेर गळतच नव्हतं, हवा आत येत होती. आणि मी तीन आठवडे सांध्यांना टिश्यू पेपर लावून ओल शोधत बसलो होतो.

उपाय दोन रुपयांचा. बकेटला आणि मधल्या हाताला उलट्या बाजूने रबरबँड लावला. परत आणायचं काम त्याचं, आपण फक्त ढकलायचं. शनिवारी संध्याकाळी भरून ठेवलं, बुधवारी पाहिलं तर नळ्या काचेसारख्या स्वच्छ. बकेटने एका फेरीत सात सुपाऱ्या उचलल्या. आठवी पडली, कारण थोडा जोर रबरबँडशी भांडण्यात जातो.

पुढचा प्रयोग लिफ्टचा, असं लिहिणार होतो. पण काल घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि शेजारी खरा पोकलेन उभा. प्रत्येक सिलिंडरला दोन पाइप! तिथे ओढाओढ नाहीच, दोन्हीकडून तेल ढकलतंच. मग आपणही सांध्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन सिरिंजा लावू, आणि दाबायच्या दोघींना सी-सॉसारखी एकच आडवी पट्टी. एक आत गेली की दुसरी तेवढीच बाहेर. पट्टीची खीळ मात्र बरोब्बर मध्यावर हवी, नाहीतर एकीकडून पाणी जास्त येईल आणि सगळंच जाम होईल. लिफ्ट राहू दे, हे आधी.

बूम आहे तसाच ठेवला तर एका मशीनला सहाऐवजी दहा सिरिंजा, पाच गटांना मिळून आणखी २०. मागच्या खेपेला ३० मागितल्या तेव्हाच केमिस्टने चष्म्यावरून पाहिलं होतं. या वेळी पोकलेन बरोबर घेऊनच जातो.