गॅलरीतले ऊन आणि हौसेची रोपे

पुण्यातल्या सदनिकांच्या नकाशात ज्या जागेला बिल्डर मोठ्या ऐटीत ‘टेरेस’ म्हणतो, तिथे दोन खुर्च्या आणि कपडे वाळत घालायचा स्टँड मांडला की माणसाला अंग चोरूनच वावरावे लागते. तरीही याच जागेत कोणी मोगऱ्याचा ताटवा पाहतो, कोणी लिंबाने लगडलेली फांदी पाहतो, आणि रविवारी सकाळी सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमधून मोटारीची डिकी भरून झाडे घेऊन येतो. या हौसेचे मला कौतुकच आहे. आक्षेप आहे तो फक्त क्रमाला. रोप आधी आणायचे आणि त्याला जागा नंतर शोधायची, ही रीत बंगल्याच्या आवारात खपून जाते. चार फूट रुंदीच्या गॅलरीत मात्र तिथले ऊन, वारा आणि वजन पेलण्याची ताकद यांनी निवड आधीच करून ठेवलेली असते.

गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कळले की ऊन कळले, असे पुष्कळांना वाटते. पण पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे इथला सूर्य वर्षभरात बाजू बदलतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो भर दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि डिसेंबरात तोच दक्षिणेकडे इतका उतरतो की दक्षिणेच्या गॅलरीतले तिरपे ऊन दिवाणखान्याच्या सतरंजीपर्यंत पोहोचते. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीला हिवाळ्यात भरपूर ऊन मिळते; उन्हाळ्यात मात्र वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे तिथे बहुतेक सावलीच असते. अशा ठिकाणी पिटुनिया, झेंडू यांसारखी थंडीत बहरणारी फुले आनंदाने वाढतात. उत्तरेच्या गॅलरीला थेट ऊन मिळालेच तर ते उन्हाळ्यात, सकाळी आणि संध्याकाळी थोडेसे. तिथे मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि निरनिराळे नेचे लावावेत आणि गुलाबाचे नाव काढू नये. पश्चिमेची गॅलरी सर्वांत कठोर. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकला की तिथली भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या मुळांना त्याची झळ बसते. चिनी गुलाब, अडेनियम, बोगनवेल ही मंडळीच त्या उन्हाशी जुळवून घेऊ शकतात. पूर्वेची गॅलरी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांनी फार तक्रार करू नये; सकाळचे कोवळे ऊन बहुतेक झाडांना मानवते.

दिशेखेरीज आणखी एक उजेड असतो आणि त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते, अखंड काळोखाची. गॅलरीच्या समोरच रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल, तर खत, पाणी आणि ऊन यांत काहीही कसूर नसतानाही शेवंती नुसतीच पानांनी वाढत राहते किंवा फार उशिरा फुलते. बिचाऱ्या रोपाला दोष देण्यापेक्षा रात्री एकदा गॅलरीत उभे राहून पाहावे. उलट ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या अरण्यांत मोठ्या झाडांच्या अंगावर वाढणारे निवडुंगाच्या कुळातले झाड आहे. त्याला गाळून आलेला उजेड आणि थोडीशी भुसभुशीत माती पुरते, आणि म्हणूनच ते पुण्याच्या सावलीतल्या गॅलऱ्यांत इतके सुखाने नांदते आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री शेजाऱ्यांना झोपेतून उठवायला लावते.

वजनाचा विचार त्याहून रुक्ष आहे, पण टाळण्यासारखा नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोंच्या पुढे सहज जाते, आणि तशा अर्धा डझन कुंड्या कठड्याला टेकवून ठेवणे शहाणपणाचे नाही. कठड्यावर तर कोणतीच कुंडी नको. पुण्याच्या परिसरातली काळी माती शेताला उत्तम असली तरी कुंडीत ती भिजली की फुगते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होऊन कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली, म्हणजे खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. त्यापेक्षा लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण हलकेही होते आणि ओलही धरते. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. वरची बारीक माती पुरती भिजेपर्यंत पाणी त्या खडीत उतरतच नाही, आणि मुळांची तेवढी जागा फुकट जाते.

भाजीपाल्याच्या बाबतीत मी मेथी आणि कोथिंबिरीच्या बाजूचा आहे. दोन्हींना वीतभर खोलीचे पसरट भांडे पुरते. मेथी महिन्याभरात खुडायला येते, आणि कोथिंबीर, धणे किंचित रगडून पेरले तर, दिवाळीनंतरच्या थंडीत उत्तम वाढते. तीच उन्हाळ्यात पेरली तर पाने धरण्याआधीच फुलावर जाण्याची घाई करते. टोमॅटो आणि मिरची यांना निदान बारा इंची कुंडी, काठीचा आधार आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते. ते नसेल तर बाजारातून आणणेच स्वस्त पडते.

कढीपत्ता हा पुण्यातल्या बहुतेक घरांचा हट्ट असतो, आणि तो योग्यच आहे, कारण फोडणीला लागणारी चार पाने गॅलरीतून खुडून आणण्याचे सुख मोठे आहे. शेंडे वेळेवर खुडत राहिले तर मुळात झाड असलेला हा प्राणी कुंडीतही कमरेएवढा राहतो. मात्र कढीपत्ता निवडताना त्याच्या पाहुण्यांचीही निवड होते, हे ध्यानात ठेवावे. तो लिंबाच्या कुळातला असल्यामुळे लिंबाच्या फुलपाखराची मादी त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळे पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते आणि तोपर्यंत निम्मी पाने तिच्या पोटात गेलेली असतात. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. घरातल्या थोरांना फोडणी महत्त्वाची वाटते आणि लहानांना अळी. माझ्या मते अशा घरात कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवाव्यात, हा वाद मिटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

रोपवाटिकेत गेल्यावर डोळ्यांना फुले दिसतात, हाताने मात्र पिशवीचा तळ पाहावा. हिरव्या जाळीखाली, भरपूर पाण्यावर वाढवलेले आणि अंगभर फुललेले रोप घरच्या गॅलरीत आले की बऱ्याचदा पाने टाकते. फुलांऐवजी कळ्या असलेले, शेंड्याला नवी पालवी फुटलेले आणि पानांच्या पाठीमागे पांढरा पिठ्या ढेकूण नसलेले रोप घ्यावे, विशेषतः जास्वंद घेताना. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात फिरताना तर हे भान ठेवणे कठीणच जाते, कारण तिथे ठेवलेली प्रत्येक कुंडी आपल्याच गॅलरीसाठी जन्मली आहे असे वाटू लागते.

पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन दिवसेंदिवस दिसत नाही, पाने भिजत राहतात आणि छताखालच्या कुंडीतली माती मात्र कोरडीच असू शकते. बोट खुपसून पाहिल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून द्यावे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवसच लागतात. उंच इमारतींत, बाणेर किंवा वाकडच्या बाजूला, पश्चिमेचा वारा रुंद पानांच्या चिंध्या करतो. तिथे केळ-पपई यांच्याऐवजी गवती चहा लावलेला बरा. कबुतरांबद्दल न बोललेलेच बरे. त्यांना प्रत्येक रिकामी कुंडी प्रसूतिगृह वाटते.

आणि शेवटी, पाणी कोण घालणार? मे महिन्यात सहकुटुंब कोकणात जाणाऱ्यांनी नेच्यांच्या नादी लागू नये. त्यांनी स्नेक प्लांट, अडेनियम, कोरफड अशी सोशिक झाडे ठेवावीत. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जाण्याचाही पर्याय असतो. पण शेजारी मनाने जितके चांगले, तितके ते सगळ्या कुंड्यांना सारखेच आणि सढळ हाताने पाणी घालतात, आणि मग सर्वांत आधी कोरफडच कुजते.