तुम्ही विचारलंत म्हणून: औषधच घेतलं नाही, मग हे जंतू आले कुठून?

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट पुढे करून लोक मला हे विचारतात. औषधांच्या नावांपुढे ‘आर’, ‘आर’ अशी रांग लागलेली असते, म्हणजे जंतू त्या औषधांना दाद देत नाहीत. ‘‘अहो, मी कित्येक वर्षांत अँटिबायोटिकची गोळी घेतलेली नाही,’’ असं सांगणाऱ्या बाई खरंच बोलत असतात.

ई. कोलाय नावाचे हे जंतू बहुतेक वेळा त्यांच्याच आतड्यातून आलेले असतात. तिथे ते महिनोन् महिने मुकाट राहतात. ना पोट दुखत, ना ताप येत. मूत्रमार्गात शिरले की मगच कळतं. हे जंतू पसरून, वर औषधांच्या चकत्या ठेवून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली प्लेट सकाळी उजेडाकडे धरली, की सेफोटॅक्झिम या अँटिबायोटिकच्या चकतीला अगदी खेटून जंतूंची वाढ दिसते. तेच औषध क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसोबत असलेल्या शेजारच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ असतं. म्हणजे हा जंतू औषध मोडून टाकणारं एन्झाइम बनवतोय आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्याला अडवतंय. अशा जंतूंना आम्ही ईएसबीएल म्हणतो.

ते निरोगी माणसात कसे येतात, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला नेदरलँड्सच्या एका अभ्यासात सापडतं. तिथल्या सुमारे 2000 प्रवाशांची विष्ठा परदेशी जाण्याआधी आणि परतल्यावर तपासली गेली. निष्कर्ष 2017 साली आले. जाताना ज्यांच्या पोटात हे जंतू नव्हते, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेऊन परतले. आणि आपल्याकडे, दक्षिण आशियात, येऊन गेलेल्यांपैकी? चारातले तीन! प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं किंवा ज्यांचं पोट बिघडलं, त्यांना धोका जास्त होता, पण धडधाकट राहिलेलेही सुटले नाहीत. घरी परतल्यावर निम्म्या जणांच्या पोटातून हे जंतू महिनाभरात गेले. दर नऊ-दहा जणांतल्या एकाकडे मात्र ते वर्षानंतरही होते.

आता आपला विचार करा. त्यांना परतायला वेगळं पाणी असलेलं घर होतं. आपण इथेच राहतो, इथेच खातो-पितो. पोटातून गेलेला जंतू पुन्हा यायला वेळ लागत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याचे 50 नमुने तपासले होते, त्यांपैकी 2 नमुन्यांत एनडीएम-1 हे जनुक सापडलं. ते तर कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही निकामी करतं. रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 नमुन्यांत ते होतं. म्हणून ‘हात धुवा’ एवढंच घरातल्या बाईला सांगून मोकळं होणं मला पटत नाही. पुण्याचं सगळं सांडपाणी आजही शुद्ध होऊन मुळा-मुठेत जात नाही, आणि ती नदी भीमेतून पुढे उजनीला मिळते, जिथून सोलापूरला पाणी जातं. पालिकेला जाब विचारायचा तो इथे.

दुसरा प्रश्न लगेच येतो: ‘‘मग पोट साफ करायला काहीतरी द्या ना.’’ नाही देणार. औषधाने साधे, निरुपद्रवी जंतू मरतील आणि ह्यांना मोकळं रान मिळेल. शिवाय प्रतिकाराची अनेक जनुकं डीएनएच्या एकाच छोट्या कड्यावर, प्लाझ्मिडवर, एकत्र असतात आणि ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. सर्दीसाठी उगाच घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे सेफिक्झिम या वेगळ्याच अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही फोफावू शकतात. लघवीत जंतू निघाले पण त्रास काहीच नाही, तरी बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण हे मुख्य अपवाद.

पण तो रिपोर्ट फेकू नका, फाइलला लावून ठेवा. पुढे कधी जंतुसंसर्गाने ताप आला किंवा घरातल्या आजोबांची गुदमार्गातून प्रोस्टेटची बायोप्सी ठरली, तर ज्याचे जुने ‘आर’ आहेत त्याने ते डॉक्टरांना आधीच दाखवायचे. पहिलं औषध निवडताना त्यांना तेच बघायचं असतं.