आमची वाटचाल: माती जागेवर ठेवायचं काम

२०११ च्या मार्चमध्ये आमचं काम बंद पाडलं गेलं. न्यू जर्सीत, एडिसनपासून जवळच एका घराच्या पायाची खोदाई आम्ही घेतली होती. फर्म म्हणजे मी, माझी पत्नी, दोन माणसं आणि भाड्याचा एक्सकॅव्हेटर. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी शेजारच्यांचं तळं तांबडं झालेलं. या भागातली माती तांबड्या शेल खडकाची, त्यामुळे कोणाची माती हे विचारायची गरजच नव्हती.

तपासणीला आलेल्या बाईंनी आमच्या सिल्ट फेन्सचं, म्हणजे गाळ अडवायला साइटभोवती लावायच्या कापडी कुंपणाचं, कापड दोन बोटांनी वर उचलून दाखवलं. खालचा पदर सहा इंच चर खणून पुरायचा असतो, आम्ही तो नुसता जमिनीला टेकवला होता. नऊ दिवस काम थांबलं. तळं आम्ही स्वतःच्या खर्चाने साफ करून दिलं. तळ्याच्या मालक आजोबांनी एक अपशब्दही काढला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी नियम नीट वाचून काढले. इथला मातीची धूप रोखण्याचा कायदा १९७५ चा. पाच हजार चौरस फुटांहून जास्त जमीन, म्हणजे आपले साधारण साडेचार गुंठे, उकरायची असेल तर आधी मृदसंधारण विभागाकडून आराखडा प्रमाणित करून घ्यायचा. त्याशिवाय नगरपालिका बांधकामाचा परवाना देत नाही, आणि शेवटी त्या विभागाचा अहवाल आल्याशिवाय राहायला जायचा दाखलाही मिळत नाही. बिल्डर याला कागदी काम म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत गेलेलं पावसाचं पाणी आमच्या भागात शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ते ओढ्यातून थेट रॅरिटन नदीला मिळतं. त्यातला गाळ तळाशी बसला की माशांची अंडी त्याखाली गुदमरतात.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. मिरगाआधी वडील भाताच्या खाचरांच्या मेरा बांधून काढायचे, पण पाण्याला जायला दगड लावून वाट ठेवायचेच. "पाण्याला वाट दिली नाहीस तर ते स्वतः काढील," म्हणायचे. चरात दगडी बांध घालताना त्याचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, असं इथल्या आराखड्यात वाचलं तेव्हा वडीलच आठवले.

२०१३ पासून आम्ही खोदाई सोडून फक्त धूप रोखण्याचं काम घेऊ लागलो. साइटच्या तोंडाशी टायरची माती झटकायला खडीचा पट्टा, जाळ्यांना पिशव्या, चर, कुंपण. पत्नी दर आठवड्याला आणि मोठा पाऊस झाला की लगेच साइटवर फिरून नोंदवही भरते. आमच्या फर्मची पत आहे ती तिच्या वहीमुळे.

तरी खरी गोष्ट कळायला १ सप्टेंबर २०२१ ची रात्र यावी लागली. आयडा वादळाच्या शिल्लक पावसाने त्या रात्री सगळा भाग बुडवला. आमच्या एका तीन एकरांच्या साइटवर अर्ध्या भागात गवत पेरून वर पेंढा टाकलेला होता, उरलेला अर्धा उघडा होता, कारण बिल्डर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला होता आणि मी होकारार्थी मान डोलावली होती. उघड्या बाजूचं कुंपण आडवं पडलं, माती रस्त्यावर आली. पेरलेल्या बाजूला दोन-तीन घळी पडल्या, बाकी उतार जागच्या जागी. कुंपणाचं काम पाणी थोडं तुंबवून गाळ खाली बसवण्याचं. बारीक चिकणमाती मात्र काही तासांत खाली बसत नाही, ती पाण्याबरोबर निघून जाते. थेंबाचा मार उघड्या मातीवर बसू न देणं, हाच मुख्य उपाय.

तेव्हापासून फुटाच्या दराने नुसतं कुंपण लावून द्यायचं काम आम्ही घेत नाही. ग्राहक गेले, सरळ सांगतो, पहिल्या वर्षी बरेच गेले. आता उताराचा एकेक तुकडा अंतिम पातळीला आला की त्याच आठवड्यात बी आणि एकरी दीड ते दोन टन पेंढा, हे आमच्या करारातच लिहिलेलं असतं. थंडीत बी उगवत नाही, तेव्हा निदान पेंढा तरी.

आज आम्ही अकरा जण आहोत. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून सहा इंचांचा चर खणून घेतो आणि मग कापड उचलून बघायला सांगतो.