दोन ‘कादंबऱ्या’, दिसायला एकच

कॅलिबर हा ई-पुस्तकं लावून ठेवायचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसवायला पाच मिनिटं लागली आणि सहाशे बारा पुस्तकं त्यात ओढून टाकायला अर्धा तास. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझे तीन दिवस गेले ते एका शब्दापायी, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

पुस्तकं अनेक वर्षांची साठलेली. साहित्य संस्कृती मंडळाच्या पीडीएफ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, विकिस्रोतावरची जुनी, शिवाय कुणी कुणी पाठवलेली स्कॅन. सगळी ‘नवीन’, ‘नवीन २’ आणि ‘बघणे’ अशा फोल्डरांत. एकच पीडीएफ तीनदा उतरवलेली सापडली तेव्हा भाच्याने कॅलिबर सुचवलं. फुकट आहे, आणि पुस्तकांना आपले आपण टॅग लावता येतात, तारे देता येतात.

टॅग लावायला मला मनापासून आवडलं. विषयाचे टॅग होतेच, पण खरी मजा स्वतःच्या टॅगांत: ‘आईला वाचून दाखवायचं’, ‘एसटीत चालेल’, ‘पन्नास पानांनंतर सोडलं’, ‘तऱ्हेवाईक’. वाचन टॅबवर चालायचं, त्यामुळे सुचलेले टॅग फोनवरच्या टिपणात लिहायचे आणि रात्री लॅपटॉपवर चिकटवायचे, असा माझा शिरस्ता. घोळ इथेच झाला, पण ते मला फार उशिरा कळलं.

ताऱ्यांचं एक आत्ताच सांगून टाकते. पाचपैकी द्यायचे असले की सगळ्याच पुस्तकांना चार पडतात. अर्धा तारा हवा असेल तर स्वतःचा वेगळा रकाना तयार करताना तशी परवानगी द्यावी लागते, नेहमीच्या रकान्यात तो मिळत नाही. मी शेवटी ठरवलं की पाच तारे फक्त दुसऱ्यांदा वाचलेल्या पुस्तकाला. अठ्ठावीस पुस्तकं उरली.

तर एका शनिवारी वहिनीने प्रवासासाठी चांगल्या कादंबऱ्या मागितल्या. मी ऐटीत ‘कादंबऱ्या’ टॅगवर टिचकी मारली, चार तारे आणि वर अशी चाळणी लावली. यादी आली, पण माझी सर्वांत आवडती कादंबरी त्यात नाही. तारे पाहिले, पाच. टॅग पाहिला, ‘कादंबऱ्या’. तरी नाही.

आधी तारे पुसून परत दिले. मग प्रोग्रॅम बंद करून चालू केला, मग लॅपटॉप. मग टॅगांची यादी उघडली, तर ‘कादंबऱ्या’ १४३ आणि त्याच्याच खाली ‘कादंबर्‍या’ ६१. तोच शब्द, दोनदा. भाचा फोनवर म्हणाला, “आत्या, मागे कुठेतरी स्पेस पडली असेल.” मी तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. पडलेली स्पेस मला झोपेत दिसते! तरी निमूटपणे तपासलं. स्पेस नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार बरोबर. फाँट बदलून पाहिला, अक्षरं मोठी करून भिंगही धरलं. काही फरक नाही.

एक टॅग काढून टाकला आणि त्या पुस्तकांना दुसरा लावला. रविवारी रात्री फोनवरून नवे टॅग चिकटवले आणि सोमवारी सकाळी दुसरी ‘कादंबर्‍या’ परत हजर, पुस्तकं ४. त्या क्षणी मी लॅपटॉपला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

उलगडा झाला तो एक्सेलमध्ये. दोन्ही शब्द शेजारशेजारच्या चौकोनांत चिकटवले आणि लांबी मोजायचं सूत्र लावलं. एक ९, दुसरा १०. मग नोटपॅडमध्ये एकेक शब्द शेवटाकडून खोडत आले. काना गेला, य गेला, दोन्हीकडे तो छोट्या विळ्यासारखा र उरला. आणखी एकदा खोडलं, तर पहिल्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आला आणि दुसऱ्यात पाय मोडलेला साधा ‘र्’. पोटात धस्स झालं आणि आनंदही झाला.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या ठरावीक क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, हा र दोन वाटांनी निघतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. ही दुसरी वाट युनिकोडच्या १९९६ सालच्या २.० आवृत्तीतली, जुना मजकूर मोडू नये म्हणून आजही चालू ठेवलेली. माझा लॅपटॉपचा कीबोर्ड पहिल्या वाटेने जातो, फोनचा दुसऱ्या. वाचणाऱ्याला दोन्ही सारखे, मोजणाऱ्याला दोन वेगळे शब्द. कॅलिबरचा यात काही दोष नाही, त्याने जे दिलं ते इमानदारीने ठेवलं.

उपाय ऐकून भाचा हसला. मी अनेकवचनच सोडलं. ‘कादंबरी’मध्ये तो र येतच नाही! टॅग व्यवस्थापनात एका टॅगला दुसऱ्याचं नाव दिलं की दोन्ही एक होतात, पुस्तकं हरवत नाहीत, हे आधी माहीत असतं तर शनिवारी रात्री साठ-एक पुस्तकं एकेक करून उघडली नसती. ‘डायऱ्या’ची ‘डायरी’ झाली, ‘वाऱ्यावरचं’ काढूनच टाकला. ‘तऱ्हेवाईक’ मात्र सोडवेना. त्याला एकवचन नाही आणि दुसरा शब्दही नाही. तो आता फक्त लॅपटॉपवर टंकते.

टॅगांत टिंबं वापरून पोटविभाग करता येतात, म्हणजे ‘कादंबरी.ऐतिहासिक’. छान सोय आहे. पण असे पोटविभाग कोणत्या रकान्यांत हवेत ते जिथे सांगायचं, त्या सेटिंगमध्ये लेखकांचा रकाना घालू नका. मी घातलं आणि ‘ह. ना. आपटे’ यांचं ‘ह’, त्याच्या पोटात ‘ना’, त्याच्या पोटात ‘आपटे’ असं झाड झालं. आपल्याकडे अर्धं साहित्य टिंबांवर उभं आहे.

जुन्या फाँटातल्या पीडीएफमधून पुस्तकाचं नाव कॉपी केलंत तर भलतीच अक्षरं चिकटतात, तेव्हा नाव हातानेच लिहा. गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या नावावर आणि विनोद बाळकरामांच्या नावावर होते. लेखक मुखपृष्ठावर आहे तसाच ठेवला आणि तिन्हींना ‘गडकरी’ हा टॅग दिला. आणि मुख्य म्हणजे कॅलिबरच्या फोल्डरात आपण हात घालून फायली हलवायच्या नाहीत. काय करायचं ते प्रोग्रॅममधूनच. सगळा फोल्डर अधूनमधून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते, टॅग आणि तारे त्यातच असतात.

लेखकांच्या क्रमासाठी कॅलिबर नावातला शेवटचा शब्द पुढे घेतो. आपट्यांचं बरोबर होतं, पण संत तुकाराम ‘त’मध्ये गेले आणि साने गुरुजी ‘गुरुजी, साने’ होऊन ‘ग’मध्ये. संतमंडळी हाताने दुरुस्त करून झाली आहेत. वहिनीला यादी गेली, तिने त्यातलं एकही अजून उघडलेलं नाही. साने गुरुजी ‘ग’मध्येच आहेत, उद्या बघते.