1210 चा पंप: पावणेदोन मिमीला एक डिग्री

आमची ट्रक गाडी एकदाची वाई-पाचगणी रस्त्यावरचा पसरणी घाट चढली. दीड हजार विटा घेऊन, मध्ये कुठेही न थांबता. पण त्यासाठी पाच रविवार गेले, आणि त्यातले पहिले दोन मी निव्वळ नको तिथे हात घालण्यात घालवले. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

आधी गाडीबद्दल. अण्णांची टाटा 1210, 692 इंजिन, सहा सिलिंडर, मायको कंपनीचा इनलाइन पंप, म्हणजे सहाही सिलिंडरना जोराने डिझेल पुरवणारा तो. वाईजवळ आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. अण्णा तिला अजून ‘बेंझ’ म्हणतात. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझशी करार 1969 मध्येच संपला, आमची गाडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, नाकावर बेंझचा तारा कधीच नव्हता. तरी बेंझच.

रडगाणी तीन होती. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. चालू झाली की पाचेक मिनिटं पांढरा धूर. आणि लोड पडला की मागे काळाकुट्ट धूर, पण ओढ म्हणावी तर नाही. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘पंपाला डिझेल वाढवून घे.’ काळा धूर येतोय म्हणजे जळतंय त्यापेक्षा जास्त डिझेल आत्ताच जातंय, अजून वाढवून काय होणार? पण हे शहाणपण मला आज सुचतंय. पहिल्या रविवारी मीसुद्धा पाना घेऊन पंपाच्या डिझेल वाढवायच्या स्क्रूपाशी गेलोच होतो. तिथे बघतो तर सील आधीच तुटलेलं. मागे कुणीतरी मूळ दुखणं तसंच ठेवून वरून डिझेल सोडलं होतं. कोणी ते माहीत आहे, पण जाऊ दे.

दुसरा रविवार हवेत गेला. अक्षरशः. वीस मिनिटं गाडी चालायची, मग भुरभुर करत बंद. हातपंप मारून हवा काढली की पुन्हा वीस मिनिटं. कुठेही गळती दिसेना, आणि दिसणार तरी कशी? टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) ही ओढीची बाजू. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शेवटी फवारणी पंपाची पारदर्शक नळी कापून फीड पंपाच्या आधी जोडली आणि उन्हात धरून बघत बसलो. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक. तांब्याचा वॉशर. जुनाच काढून जुनाच परत बसवलेला, मीच, दिवाळीत. तो तापवून पाण्यात टाकून मऊ केला असता तरी चाललं असतं. नवे घेतले, काही रुपयांत काम झालं. भुरभुर थांबली, धूर मात्र जसाच्या तसा.

मग टायमिंग, म्हणजे पंपाने सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं कधी सोडायचं ते. याच्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे घरी करता येतं आणि लोक उगाच घाबरतात.

एक नंबरच्या सिलिंडरची हाय प्रेशर लाइन काढली. पंपाच्या तोंडावरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर उघडून आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढून स्वच्छ वाटीत ठेवले (फडक्यावर ठेवू नका, एक धागा गेला तरी पुरतो), होल्डर परत बसवला आणि त्यावर वाकवलेली छोटी नळी लावली. बॉनेटच्या बिजागरीला डिझेलचा डबा टांगला, म्हणजे पंपाला वरून आपोआप धार. स्टॉपची दांडी चालू स्थितीत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बांधलेला. मग इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, हळूहळू फिरवायचं. एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे ना ते आधी बघा: एकचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) सैल आणि सहाचे हलण्याच्या बेतात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) 1-5-3-6-2-4, त्यामुळे एकचा जोडीदार सहा.

नळीतून धार येते. मग ती बारीक होते, तुटते, थेंब पडायला लागतात. तीन-चार सेकंदांना एक थेंब आला की थांबायचं. प्लंजरने (पंपातल्या दट्ट्याने) आतलं भोक नेमकं त्या जागी झाकलेलं असतं, इंजेक्शन तिथूनच सुरू होतं. थोडं पुढे गेलात तर तिथूनच मागे येऊ नका. पाव फेरा मागे न्या आणि पुन्हा पुढून या, नाहीतर गिअरमधली ढील तुम्हाला फसवते. मी चार वेळा केलं. तीनदा एकच जागा आली, चौथ्यांदा अण्णांनी हाक मारली म्हणून चुकलं.

आता डिग्री मोजायची कशी? क्रँकच्या पुलीवर टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेची) खूण आहे, बाकीच्या रेघा गंजून गेल्यात. पुलीला कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजला, 630 मिमी भरला. भागिले 360, म्हणजे पावणेदोन मिमीला एक डिग्री. मॅन्युअलमधल्या आकड्याची रेघ पेन्सिलीने पट्टीवर मारली आणि पट्टी चिकटवली. थेंब त्या रेघेच्या नऊ मिमी पुढे गेल्यावर तुटत होता. पाच डिग्री उशीर! पांढऱ्या धुराचं मूळ इथे. उशिरा पडलेलं डिझेल थंड इंजिनात जळतच नाही, वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर.

पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या पाच डिग्री म्हणजे पंपाच्या अडीच. फ्लँजच्या लांबट खाचेत हे जेमतेम अडीच-तीन मिमी होतात. नट ढिले करून पंपाची बॉडी, कॅमशाफ्ट फिरतो त्याच्या उलट्या बाजूला, एवढीशी सरकवली. जुनी जागा खिळ्याने ओरखडून ठेवली होती, म्हणून कळलं तरी. पुन्हा थेंब मोजले, रेघेवर आला.

अण्णांना बोलावून चालू करून दाखवली. धूर अगदी थोडा. ते म्हणाले, ‘आता दुपार हाय. सकाळी सहाला चालू करून दाव, मग बोल.’ सकाळी सहाला बॅटरी बसली.

म्हणून चौथ्या आठवड्यात पंप उतरवून साताऱ्याला बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर नेला. हे घरी होत नाही, प्रयत्नही करू नका. सहा काचनळ्या, हजार स्ट्रोक. पूर्ण डिझेलला पाच नळ्या 49 ते 51 सीसी, चार नंबर 44. पंपवाले काका म्हणाले, ‘थांबा, आता खरी गंमत.’ वेग सेल्फच्या पातळीवर आणला आणि चार नंबरच्या नळीचा तळही नीट झाकेना. एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याची नळी, झिजलेला. जोरात फिरताना गळायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे फरक थोडा दिसतो. सेल्फवर प्लंजर सावकाश चढतो, डिझेल बाजूने निसटतं आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) उघडण्याइतकं प्रेशरच होत नाही. चार नंबर बदलला, सहाही सारखे केले, साठ-साठ डिग्रीचं अंतर तपासलं. मॅक्सिमम डिझेलचा स्क्रू मागे घेऊन काकांनी नवं सील मारलं. नोझलही दाखवले, दोन थेंब सोडत होते, बदलले. (नोझल टेस्ट करताना हात फवाऱ्यापासून लांब. ती धार कातडीतून आत जाते.)

पंप बसवून टायमिंग पुन्हा पाहिलं. सकाळी सहा वाजता अण्णा स्वेटर घालून उभे होते. अर्ध्या सेल्फला चालू. काही बोलले नाहीत, चहा ठेवायला गेले.

आणि मग घाट. भिलारला मामेभावाचं बांधकाम चाललंय, त्याला विटा हव्याच होत्या. धोमचं पाणी खाली दिसायला लागेपर्यंत मागे धूर नव्हता, गाडी तिसऱ्यात मस्त ओढत होती. पाचगणी जवळ आली तशी आरशात काळी शेपटी दिसली. मी लगेच पंपाला शिव्या घातल्या. पण वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. एवढ्या चढात हवा पाच-सहा टक्के विरळ होते आणि आपल्या गाडीला टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नाही. पंपाला हवेचं काहीच कळत नाही, तो खाली देत होता तेवढंच डिझेल वरही देतो. वरच्यासाठी डिझेल कमी करून खाली ओढ घालवायची की नाही, यावर माझं आणि अण्णांचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, ‘वर धूर झाला तर होऊ दे की, तिथं राहायचंय का तुला?’

भिलारला विटा उतरवताना वाकून पाहिलं. फीड पंपाखाली डिझेलचा एक थेंब लोंबत होता. या वेळी वॉशर नवा होता, नट मीच कमी आवळला होता.