आमची वाटचाल : दुधाच्या टाकीपासून साइडरच्या भांड्यापर्यंत

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये सुरुवातीला फक्त दूध संकलन केंद्रांच्या स्टीलच्या टाक्यांची जोडणी आणि दुरुस्ती होत असे. २००१ मध्ये शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, पुढे पलूसला वाइन पार्क झाले आणि आंबवण्याच्या टाक्यांचे किरकोळ काम आमच्याकडे येऊ लागले. लहान भांडी मात्र आम्ही एका गळक्या पिंपामुळे बनवू लागलो.

मिरजेचे एक गृहस्थ सफरचंदाच्या रसापासून व्हिनेगर बनवत. त्यातला पहिला टप्पा साइडरचाच, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून मद्य होण्याचा असतो. (परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो.) एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेतून, बुडबुडे येत नाहीत म्हणून त्यांनी दोनदा नवे यीस्ट टाकले होते. आम्ही झाकणाच्या कडेला साबणाचे पाणी ब्रशने लावले, तर एका बाजूला बारीक फेस धरू लागला. यीस्ट व्यवस्थित काम करत होते. वायू एअरलॉकऐवजी झाकणाखालून निसटत होता. वीस लिटर रसातून पाचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे आंबण्याचा जोर असेपर्यंत अशा फटीने फारसे बिघडत नाही. जोर ओसरला की त्याच फटीतून हवा आत शिरते. व्हिनेगरच करायचे तर हवेची भीती कशाला, असे त्यांनी विचारले. परंतु हवेमुळे आम्ल लवकर वाढले तर यीस्ट मंदावते आणि साखर तशीच उरते.

त्यांच्या तोटीची गोष्ट वेगळी होती. तिच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे इतके वेढे होते की नट सरळ बसतच नव्हता. अशा तोटीत पाणी आटे नव्हे, वॉशर अडवतो, आणि पिंपाच्या गोल भिंतीवर सपाट वॉशर सगळीकडे सारखा दाबला जात नाही. म्हणून आमच्या भांड्यांना आम्ही तोटीच्या जागी सपाट बैठक आर्गन वेल्डिंगने जोडू लागलो.

एवढे करूनही आमची पहिली काही भांडी परत आली, आणि त्यात चूक आमचीच होती. रात्रभर पाणी भरून ठेवले तेव्हा एक थेंबही गळला नव्हता. ग्राहकाकडे मात्र थेंब दिसण्याआधीच तोटीभोवती चिलटे घोंघावू लागली. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा काळा रबर दोन-तीनदा सोड्याच्या गरम पाण्याने धुतल्यावर पापडासारखा कडक झाला होता, आणि ग्राहकाने पान्याने नट आवळल्यावर तो चिरला. तेव्हापासून आम्ही खाद्यपदार्थांना चालणारे ईपीडीएम रबर वापरतो. सिलिकॉन मऊ असते, उष्णताही सोसते, पण त्यातून ऑक्सिजन पाझरतो. साइडर महिनोन्महिने साठवायचे असेल तर ते आम्ही सुचवत नाही.

आता पाण्याच्या चाचणीआधी प्रत्येक भांडे गरम सोड्याने तीनदा धुतले जाते, मग हलका हवेचा दाब देऊन झाकण, तोटी आणि एअरलॉकची रबरी बुची साबणाच्या पाण्याने तपासली जाते. भांडे पाठवताना तोटीला दोन जादा वॉशरची पुडी बांधलेली असते आणि तिच्यावर, नट हातानेच आवळावा, अशी चिठ्ठी असते. तरीही पान्याच्या खुणा असलेले नट आमच्याकडे अधूनमधून परत येतातच.